घरपट्टी थकली तर सरपंच जातो, आमदार जात नाही

निवडणूक आली की उमेदवारांची शपथपत्रं बाहेर येतात आणि दोन दिवस चर्चा रंगते. अमक्याची एवढी थकबाकी, तमक्याला एवढ्याची नोटीस, आणि आमच्या दारात मात्र दोन हजारांसाठी वसुलीवाला उभा! पुढाऱ्यांना करात सूट असते, हे इतकं सर्रास बोललं जातं की ते तपासून बघावं असं कोणाला वाटत नाही. तपासलं तर उत्तर जरा विचित्र निघतं. कर थकवला म्हणून पद जाण्याची तरतूद आपल्याकडे आहे, आणि भलतीच कडक आहे. फक्त ती गावात आहे. तिथून वर चढत गेलं की ती पातळ होत जाते आणि विधानसभेच्या पायरीशी संपते.

गावापासूनच सुरुवात करू, कारण कायद्याचा खरा दात तिथेच आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. कलम १४ (१) (ह). पंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कोणताही कर किंवा फी, मागणी होऊन बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरली नाही, तर सदस्य अपात्र. सरपंचही त्यात आला. रक्कम किती, हे कायदा विचारत नाही. मुद्दाम थकवली की विसरलात, हेही विचारत नाही. समजा घरपट्टी, दिवाबत्ती आणि पाणीपट्टी मिळून ६४० रुपयांचं बिल १० जूनला हातात पडलं आणि १० सप्टेंबर उलटून गेला, तर त्या ६४० रुपयांवर सरपंचपद जाऊ शकतं. नंतर धावत जाऊन दंडासकट पैसे भरले तरी झालेली कसूर पुसली जात नाही. कायद्यात सवलत आहे ती उमेदवारी अर्ज भरायच्या दिवसाआधी बाकी चुकती करणाऱ्याला. निवडून आल्यावर तीन महिने चुकवणाऱ्याला नाही.

त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक पाचर आहे. अविभक्त हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला, तर कुटुंबातले सगळेच अपात्र. घर वडिलांच्या नावावर, पट्टी भरायची थोरल्या भावाने, सदस्य धाकटी सून. पद जातं ते सुनेचं. म्हणून अशा प्रकरणात बचावाची पहिली धडपड 'आम्ही विभक्त आहोत' हे दाखवायची असते: वेगळी शिधापत्रिका, वाटणीपत्र, पंचायतीच्या दप्तरात (नमुना ८ वर) घराची वेगळी नोंद. केवळ 'चूल वेगळी आहे' असं तोंडी सांगून भागत नाही.

आता हे सगळं कागदावर कसं चालतं ते बघा, कारण प्रकरण टिकतं किंवा कोसळतं ते इथेच. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही, कोणत्या घरावर किती कर बसतो ते त्यात असतं. नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवही, मागची बाकी आणि चालू मागणी. त्यावरून घरमालकाला जे बिल जातं तो नमुना ९ क. पैसे भरल्यावर मिळते ती पावती नमुना १०. अपात्रतेच्या अर्जाला हे चारही कागद लागतात, पण निकाल फिरतो तो एकट्या ९ क वर. कारण 'बिल रीतसर बजावलं' हे सिद्ध झाल्याशिवाय तीन महिन्यांचं घड्याळ सुरूच होत नाही.

बजावणीची रीत कलम १२९ मध्ये सांगितली आहे. बिल त्या माणसाच्या हातात द्यायचं. तो भेटला नाही तर गावातल्या त्याच्या राहत्या घरी ठेवायचं किंवा घरातल्या प्रौढ पुरुषाकडे वा नोकराकडे द्यायचं (कायदा १९५८ चा आहे, भाषाही तेव्हाची). तो गावाबाहेर राहत असेल आणि पत्ता माहीत असेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवायचं. यातलं काहीच शक्य नसेल तेव्हाच घराच्या दर्शनी भागावर डकवायचं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी लावणं, दवंडी देणं, मासिक सभेत वाचून दाखवणं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणं, यातलं काहीही बजावणी नव्हे. 'सरपंच स्वतःच सभेला हजर होते, त्यांना बाकी माहीत नव्हती का?' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत वारंवार बोट ठेवलंय ते बजावणीवर. माहीत असणं वेगळं, बिल हातात पडणं वेगळं.

आणि इथेच नरमाईची पहिली जागा सापडते. बिल कोणी बजावायचं? ग्रामसेवकाने किंवा पंचायतीच्या शिपायाने. कोणाला? सरपंचाला, ज्याच्या सहीशिवाय पंचायतीचा धनादेश वटत नाही. मग होतं असं की गावभर बिलं वाटली जातात आणि पदाधिकाऱ्यांची बिलं दप्तरातच राहतात. कोणी मुद्दाम ठेवली असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. कार्यालयीन प्रतीवर सही नाही, तारीख नाही, पंच नाहीत. तक्रार झाली की ग्रामसेवक लेखी देतो, 'बिल बजावलं होतं'. उलटतपासणीत तारीख सांगता येत नाही. प्रकरण खलास.

उलटंही तितकंच घडतं. गावात अतिक्रमण आणि घरपट्टी ही विरोधकांच्या हातातली दोन हत्यारं आहेत. कोणीही व्यक्ती कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. त्यामुळे सत्ता बदलली की आधीच्या सरपंचाची बिलं तत्परतेने बजावली जातात, तारखेनिशी, सहीनिशी, आणि तीन महिने उलटताच अर्ज तयार असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर १५ दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, व्यवहारात ते विभागीय आयुक्त ऐकतात, त्यापुढे उच्च न्यायालय. ६४० रुपयांच्या पट्टीसाठी वकिलाच्या फीमध्ये एखादी म्हैस विकावी लागते.

पदाधिकाऱ्यांनी सांभाळायचं ते इतकंच: एप्रिलमध्येच नमुना ९ मधली आपली आणि एकत्र कुटुंबाची बाकी बघायची, बिलाची वाट न पाहता भरायची, नमुना १० ची पावती जपायची आणि त्या पावतीवर 'मागील बाकी' आणि 'चालू' हे दोन्ही रकाने भरलेत का ते तिथल्या तिथे तपासायचं. निम्म्या भानगडी या रकान्यातून निघतात. चालू कर भरलेला असतो, तीन वर्षांपूर्वीचे ८० रुपये पाणीपट्टीचे राहिलेले असतात.

महापालिकेत गेलं की एक शब्द वाढतो

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्येही थकबाकीदार नगरसेवकाची अपात्रता आहे, कलम १० मध्ये. मुदतही तीच, तीन महिने. पण हे तीन महिने नेहमीच्या बिलापासून मोजायचे नाहीत. आयुक्तांनी या कारणासाठी 'विशेष नोटीस' बजावली पाहिजे आणि तिच्यापासून तीन महिने.

हा एक शब्द सगळा फरक करतो. सामान्य मिळकतदाराला बिल जातं, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं अधिपत्र, मग टाळं किंवा लिलाव. नगरसेवकाच्या मिळकतीलाही हेच सगळं लागू आहे, कागदोपत्री काहीच वेगळं नाही. पण त्याचं पद धोक्यात यायचं तर आयुक्तांनी त्याच्या नावाने वेगळी नोटीस काढायला हवी. ज्या सभागृहात आपले प्रस्ताव मंजूर व्हायचे आहेत, त्याच सभागृहातल्या माणसाला. नोटीस निघाली नाही तर दहा वर्षांची थकबाकी असूनही तो पात्रच. यात कोणी कायदा मोडत नाही, फक्त एक कागद निघत नाही. वाद उभा राहिलाच तर तो न्यायाधीशांकडे पाठवायचा मार्गही नगरसेवक, पालिका आणि आयुक्त यांच्यातूनच जातो. गावातल्यासारखा कोणीही उठून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करील, असं तिथे नाही.

दुसरी पळवाट नावाची. थकबाकी 'त्याच्याकडून येणे' असली पाहिजे. मंगल कार्यालय कंपनीच्या नावावर, शाळा ट्रस्टच्या नावावर, मोकळा भूखंड मेहुण्याच्या नावावर असेल, तर फलकावर साहेबांचा फोटो असूनही मागणी नोंदवहीत साहेब कुठेच नसतात. विश्वस्त म्हणून येणं असलेली रक्कम तर कायद्यानेच वगळली आहे.

आणि अभय योजना. महापालिकांच्या मिळकतकरावर मुदतीनंतर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. एक लाख रुपये तीन वर्षं थकले की शास्ती ७२ हजार. मग अभय योजना येते. शास्तीत ७५ टक्के माफी धरली तर भरायचे राहतात १८ हजार, म्हणजे वर्षाला ६ टक्के. या दराने बँक दुकानदाराला दारात उभं करत नाही. योजना सगळ्यांसाठी खुली असते, पुढाऱ्याला वेगळा दर नसतो. पण ती कधी येणार हे आधी कोणाला कळतं? प्रस्ताव ज्यांच्यासमोर येतो त्यांना. वेळेवर भरणारा पेन्शनर त्या सभेला बसलेला नसतो. मोठ्या थकबाकीदारांना अभय योजनेतून वगळा, ही मागणी म्हणूनच दरवेळी होते, आणि माझ्या मते रास्त आहे.

अर्ज भरायच्या आठवड्यात मात्र चित्र पालटतं. थकबाकी नसल्याचा दाखला हवा म्हणून क्षेत्रीय कार्यालयांत रांगा लागतात आणि वर्षानुवर्षांची बाकी एका दिवसात जमा होते. भरण्याची ऐपत नव्हती असं नाही, हे त्या रांगेवरूनच कळतं.

आमदार, खासदार: थकवा, पण लिहून द्या

राज्यघटनेचं कलम १०२ आणि १९१, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. आमदार-खासदार अपात्र कधी होतो, ते यात आहे. लाभाचं पद, दिवाळखोरी, नागरिकत्व, ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा, सरकारी कंत्राट. कर थकवणं या यादीत नाही. शिक्षेच्या वाटेने ते येऊ शकतं, पण त्यासाठी करचुकवेगिरीच्या खटल्यात दोष सिद्ध होऊन किमान दोन वर्षांची कैद व्हावी लागते. नुसती थकबाकी, मग ती ६४० रुपये असो वा ६४० कोटी, विधानसभेच्या उमेदवाराला अडवत नाही.

त्याऐवजी आहे उमेदवारी अर्जासोबत द्यायचं फॉर्म २६ चं शपथपत्र. सरकारी देणी हा त्यातला स्वतंत्र भाग: प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर, महापालिकेचा मिळकतकर, आणि शिवाय वादात असलेली देणी कोणत्या प्राधिकरणापुढे प्रलंबित आहेत, ते. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांचे ना-देय दाखले जोडायचे. स्वतःचं, जोडीदाराचं, अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबून असलेल्यांचं गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न द्यायचं. रकाना कोरा सोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर कोऱ्या रकान्यावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून सगळीकडे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहिलेलं दिसतं.

पण भरलेला रकाना खरा आहे का, हे निवडणूक निर्णय अधिकारी तपासत नाही. त्याने फक्त भरलाय एवढं बघायचं. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, तेही खटला कोणी चालवला तर.

शपथपत्र वाचताना लोक दोन ठिकाणी चुकतात. 'वादातली देणी' या रकान्यातला आकडा म्हणजे चोरी पकडली, असं नव्हे. अपील चालू असलेली कोणतीही मागणी तिथे येते, आणि ती दाखवणारा उमेदवार लपवणाऱ्यापेक्षा बरा. दुसरं, पाच वर्षांचं उत्पन्न चार-पाच लाख आणि मालमत्ता कोटींची, एवढ्यावरून लगेच काही सिद्ध होत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने ते विवरणपत्रातल्या एकूण करपात्र उत्पन्नात धरलेलं नसतं. ते खरं आहे का, हे बघायचं तर सातबाऱ्यावरचा पीकपेरा, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि कारखान्याची ऊसबिलं बघावी लागतात. तिथपर्यंत फारच थोडे पोहोचतात. सोपी तपासणी मिळकतकराची. शपथपत्रात इमारतींचे पत्ते असतात. पुण्यासारख्या महापालिकांच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकला की थकबाकी दिसते. दोन आकडे शेजारी ठेवायचे.

प्राप्तिकर खात्याची नरमाई कशात असते

प्राप्तिकरात मागणी निघाली आणि पहिलं अपील केलं, तर वादातल्या रकमेच्या २० टक्के भरून उरलेल्या वसुलीला स्थगिती मिळण्याची वाट आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०१७ मध्ये हे प्रमाण १५ वरून २० वर नेलं. महापालिकेच्या करावर अपील करायचं तर मात्र मागितलेली रक्कम आधी जमा करावी लागते, महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४०६. म्हणजे लहान करात आधी पैसे भरा, मग भांडा. मोठ्या करात पाचवा हिस्सा भरा आणि भांडत राहा. पुढाऱ्यांसाठी ही सोय केलेली नाही. पण ती वापरायला चांगला वकील, चांगला सीए आणि दम लागतो, आणि तो पुढाऱ्यांकडे असतो.

खटल्यांचंही तेच. तामिळनाडूच्या नेत्या जयललिता आणि त्यांच्या सहकारी शशिकला यांनी १९९० च्या दशकातली काही विवरणपत्रं भरली नव्हती. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम २७६ सीसी खाली खटला उभा राहिला. वर्षानुवर्षं अर्ज, पुनरीक्षण, अपील. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळून चार महिन्यांत खटला संपवायला सांगितलं. संपला तो तडजोडीने: तडजोड शुल्क भरलं, खात्याने ते स्वीकारलं आणि २०१५ च्या सुरुवातीला प्रकरण मिटलं. तडजोडीची ही सोय नियमांतच आहे, एखादा व्यापारीही अर्ज करू शकतो. प्रश्न उरतो तो इतकाच की जवळपास वीस वर्षं खटला लांबवून शेवटी तडजोड मिळवण्याची ऐपत किती व्यापाऱ्यांना असते.

पक्षांचं गणित वेगळं आहे. त्याच कायद्याच्या कलम १३ अ खाली राजकीय पक्षाचं उत्पन्न करमुक्त, पण अटींवर: हिशेब ठेवा, दोन हजारांपेक्षा मोठी देणगी रोखीत घेऊ नका, विवरणपत्र मुदतीत भरा. काँग्रेसने २०१८-१९ या आकारणी वर्षाचं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०१८ ऐवजी २ फेब्रुवारी २०१९ ला भरलं आणि १४.४९ लाख रुपयांच्या देणग्या रोख निघाल्या. सूट गेली आणि १९९ कोटींच्या उत्पन्नावर कर बसला. मागणी १०५ कोटींची, व्याजासकट ती १३५ कोटींवर गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये खाती गोठली, ६५ कोटींहून जास्त रक्कम वसूल झाली, अपिलीय न्यायाधिकरण आणि दिल्ली उच्च न्यायालय दोघांनीही स्थगिती नाकारली. त्यानंतर तीनच आठवड्यांत, १ एप्रिलला, आणखी सुमारे साडेतीन हजार कोटींच्या मागण्यांबाबत खात्याने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की निवडणूक होईपर्यंत सक्तीची कारवाई करणार नाही. एकच पक्ष, एकच खातं, एकाच वसंत ऋतूत दोन्ही टोकं. जुलै २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने सूट नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला.

कायद्यानुसार खात्याचं चुकलं नव्हतं. तेहेतीस दिवसांचा उशीर हा उशीरच. पण २०१९ चा कागद २०२४ च्या फेब्रुवारीत धारदार का होतो, हा प्रश्न कलमांत बसत नाही. वसुलीची वेळ अधिकाऱ्याच्या हातात असते, आणि नरमाई किंवा सख्ती दोन्ही राहते ती त्या वेळेत.

सरळसरळ सूट, जिच्याबद्दल वाद घालायला जागाच नाही, तीही देशात होती. उत्तर प्रदेशात १९८१ च्या कायद्याने मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या वेतनावरचा प्राप्तिकर सरकारी तिजोरीतून भरला जाई, मंत्री गरीब असतात या कारणावरून. विश्वनाथ प्रताप सिंह तेव्हा मुख्यमंत्री होते. सप्टेंबर २०१९ मध्ये बातम्या आल्यावर ते थांबलं. मध्य प्रदेशात १९७२ पासूनची अशीच तरतूद जून २०२४ मध्ये काढली. तोवर करपावतीवर नाव मंत्र्याचं आणि पैसा जनतेचा.

मंत्र्यांच्या बंगल्याची पाणीपट्टी थकली, ही बातमी मात्र जरा जपून वाचावी. २०१९ मध्ये माहिती अधिकारातून मुंबई महापालिकेची जी यादी बाहेर आली, तिच्यात मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा'सह अनेक मंत्र्यांचे बंगले थकबाकीदार होते. पण या बंगल्यांचं पाणी-बिल सार्वजनिक बांधकाम विभागाने भरायचं असतं. मंत्र्याच्या खिशातून ते जातच नाही, त्यामुळे मंत्र्याने थकवलं हे म्हणणं अर्धवट. चाळीचं पाणी तोडतात आणि बंगल्याचं तोडत नाहीत, हे पूर्ण खरं.

साखर कारखान्यांचे दहा हजार कोटी

महाराष्ट्रात करसवलत आणि राजकारण यांचं सगळ्यात मोठं प्रकरण कुठल्या नेत्याच्या शपथपत्रात सापडणार नाही. ते सहकारी साखर कारखान्यांच्या ताळेबंदात होतं.

केंद्र उसाचा किमान दर ठरवायचं, २००९-१० पासून त्याच्या जागी एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आली. आपले कारखाने पहिली उचल देऊन नंतर दुसरा हप्ता, दिवाळीचा हप्ता असं करत किमान दराच्या वर पैसे देत. प्राप्तिकर खातं म्हणालं, हा वरचा पैसा उसाची किंमत नव्हे, हा सभासदांना वाटलेला नफा. खर्च म्हणून धरणार नाही, कर भरा. कारखाने म्हणाले, आमच्याकडे नफा उरतच नाही, शेतकऱ्याला दिला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातल्या ५ अ या खंडात जादा दर काढायचं सूत्र आहे आणि त्यात नफ्यातला वाटाही आहे, त्यामुळे दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं: दरातला नफ्याचा भाग वेगळा काढा, त्यावर कर लावा, उरलेला खर्च धरा. म्हणजे प्रत्येक कारखान्याचं प्रत्येक हंगामाचं दप्तर पुन्हा उघडायचं.

ते टळलं. २०१६-१७ या आकारणी वर्षापासून पुढचा प्रश्न २०१५ च्या वित्त कायद्याने आधीच मिटवला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये कर मंडळाने परिपत्रक काढून राज्याने ठरवलेला दरही त्यात धरला. आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याआधीच्या वर्षांचाही ऊसदर पूर्ण खर्च म्हणून मान्य करायची सोय केली. अर्थमंत्र्यांनी सांगितलेला दिलाशाचा आकडा सुमारे १०,००० कोटींचा.

ही पुढाऱ्यांना सूट झाली का? मागणी कारखान्यावर होती, अध्यक्षावर नव्हती. पैसा उसाला गेला होता, आणि तो कर वसूल झाला असता तर शेवटी बसला असता तो सभासदाच्याच टनामागच्या दरावर. त्यामुळे दिलासा मला गैर वाटत नाही. पण तो कसा मिळाला ते पाहण्यासारखं आहे. न्यायालयात पूर्ण न जिंकलेला वाद संसदेत जिंकता आला, कारण या कारखान्यांच्या अध्यक्षांच्या खुर्च्यांवर पिढ्यानपिढ्या आमदार, खासदार, मंत्री बसत आले आणि ते सगळ्या पक्षांत आहेत. हातमागाच्या किंवा दुधाच्या एखाद्या छोट्या संस्थेचा प्रतिकूल वाद मागच्या तारखेने मिटवायला कायदा बदलत नाही.

कारखान्याच्या सभासदांसाठी एक कामाची गोष्ट: हा दिलासा आपोआप लागू होत नाही. कारखान्याने वर्षवार हिशेब काढून, दिलेला दर सरकारने ठरवलेला किंवा मंजूर केलेला होता याचे कागद जोडून, आकारणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. दुरुस्तीची चार वर्षांची मुदत ३१ मार्च २०२३ पासून मोजायची, म्हणजे ती ३१ मार्च २०२७ ला संपते. वार्षिक सभेत 'संभाव्य देणी' या टिपेखाली जुनी प्राप्तिकर मागणी अजून दिसत असेल, तर अर्ज केला का, कोणत्या वर्षांसाठी केला आणि आदेश झाला का, हे तीन प्रश्न विचारा.

तपासायचं कसं

कोणाचंही प्राप्तिकर विवरणपत्र माहिती अधिकारात मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ते वैयक्तिक माहितीत धरलं, आणि वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते दार आणखी लोटून घेतलं आहे. नगरसेवकाची थकबाकी नावानिशी मागितली तर आता तेच उत्तर येण्याची शक्यता आहे.

म्हणून थकबाकी मागूच नका, नोटीस मागा. महाराष्ट्रात माहितीच्या अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की पुरे. विषय असा लिहा: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० खाली आयुक्तांनी गेल्या पाच वर्षांत नगरसेवकांना बजावलेल्या विशेष नोटिसांची संख्या, वर्षनिहाय. नावं नकोत, रकमा नकोत, त्यामुळे वैयक्तिक माहितीचं कारण पुढे करता येत नाही. उत्तरात 'निरंक' आलं, तर दुसरा अर्ज कर आकारणी व संकलन विभागाच्या जावक नोंदवहीची पाहणी करू द्यावी म्हणून. 'माहिती उपलब्ध नाही' असं आलं, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, कारण नोटीस काढणं आयुक्तांचं काम आहे आणि काढलेल्या नोटिसांची संख्या त्यांच्याकडे नसेल असं होत नाही.